आज नामदिवस: स्पिरिदोन

वेनेताबाई कारापेत्रोवा यांनी अंडी उकडताना लावायचं घड्याळ पिशवीत घालून वाचनघरात आणलं, मागच्या खोलीतल्या संगणकाशेजारी ठेवलं आणि मोजलं. पान उघडायला एक मिनिट दहा सेकंद लागले. पुन्हा मोजलं, तर एक मिनिट चौदा. म्हणजे मधल्या वेळात संगणक दमलाही होता.

"मिनिटभरच तर आहे," ख्रिस्तोफोर म्हणाले. हे वेनेताबाईंचे शेजारी. ट्रॅक्टरच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून न मागता सल्ला देण्याच्या नोकरीवर रुजू झाले. "डाव्या बाजूने एक चापट मार. पंख्यात धूळ बसली असेल."

"पंख्याचा काही संबंध नाही."

"मग रात्रभर बाल्कनीत ठेव. दान्यूबवरचं धुकं यंत्राला मानवतं. आमच्या कारखान्यात आम्ही..."

"ख्रिस्तोफोर, कुठे आहे रे आता तुमचा कारखाना?"

ख्रिस्तोफोर गप्प झाले. कारखान्याच्या जागी आता सोफे विकत होते. पण असल्या गोष्टीने गप्प बसणारा माणूस दोन मिनिटांच्या वर गप्प बसत नाही, आणि वेनेताबाईंपाशी तर दोन मिनिटांचाही वेळ नव्हता. एकोणीस डिसेंबरला नगरपालिकेच्या बाई तपासणीला येणार होत्या आणि त्या दिवशी ही खोली राहणार की जाणार हे ठरणार होतं.

खोली म्हणजे काय, तर दोन जुने संगणक, एक हीटर आणि सात खुर्च्या. दर मंगळवारी त्या खुर्च्यांवर वस्तीतले सात म्हातारे-म्हाताऱ्या येऊन बसत. कोणाचा मुलगा श्टुटगार्टला, कोणाची मुलगी वालेन्सियाला. पाळीपाळीने ते पडद्यासमोर बसत आणि नातवंडांना घरच्या लोणच्याच्या बरण्या उचलून दाखवत. हे सगळं त्यांना वेनेताबाईंनी शिकवलं होतं, आणि घरी त्यांच्यापैकी एकाकडेही संगणक नव्हता. वाचनघराच्या सेक्रेटरी मिग्लेनाला मात्र त्या खोलीत नखं रंगवायचा वर्ग दिसत होता.

"मावशी, तुमच्या खोलीशी माझं काही वाकडं नाही," मिग्लेना म्हणाली होती. "पण नखांच्या वर्गाला बावीस मुलींनी नावं दिलीत. तुमचे सात. आणि त्या सातांपैकी दोघं हीटरपाशी झोपायलाच येतात."

"झोपत नाहीत. जर्मनीत सकाळ व्हायची वाट बघतात."

"जर्मनीत आपल्याहून एका तासाचाच फरक आहे, मावशी."

त्यावर वाटाघाटी होऊन असं ठरलं की नगरपालिकेच्या 'हुशार वस्ती' योजनेत वेनेताबाईंनी 'रहिवाशांना उपयोगी' असं एक पान करून दाखवावं. तपासणीच्या बाईंनी सही केली तर खोलीला डिजिटल केंद्र म्हणायचं, आणि मग तिथे नखं काय, कोणी पायाचं बोटही रंगवू शकणार नाही. सही नाही केली तर एक जानेवारीपासून मुली येणार.

पान कसलं करायचं याचा विचार वेनेताबाईंना करावाच लागला नाही. पूर्वी आपल्याकडे नामदिवस कोणाला सांगावा लागत नसे. ज्या संताचा दिवस, त्या संताचं नाव ज्याला, त्याचं दार संध्याकाळी उघडं. आमंत्रण द्यायचं नाही, ज्याला आठवेल तो येईल. आलेल्याला का आलास म्हणून विचारायचं नाही, पुढ्यात बशी ठेवायची. वेनेताबाईंना सगळ्या जिन्यातले सगळे संत तोंडपाठ होते. कोणाकडे भोपळा भरलेली पापुद्र्यांची बानित्सा चांगली आणि कोणाकडे नुसती गोड, हेही पाठ होतं. आता पंचांगं भिंतीवरून गेली, माणसं देशाबाहेर गेली, आणि जे राहिले ते शेजाऱ्याला त्याच्या गाडीच्या नंबरावरून ओळखू लागले. म्हणून पान: 'आज कोणाचा नामदिवस'. उघडलं की त्या दिवसाचं नाव, आणि वस्तीत त्या नावाचं जे कोणी असेल त्याचा पत्ता.

पत्ता छापायचा तर माणसाची लेखी संमती हवी, तीन प्रतींत. नगरपालिकेचा तो कागद इतका भयंकर होता की वाचनघराच्या तीनशे सभासदांपैकी एकसष्ट जणांनीच सही केली. बाकीच्यांना वाटलं फ्लॅट जातोय. सगळ्यांत आधी सही केली सात नंबरच्या इमारतीतल्या स्पिरिदोनदादा दाचेव यांनी. ते निवृत्त स्टेशनमास्तर. समोर आलेला कागद दोनदा वाचायचा, सही करायची आणि वेळ टाकायची ही त्यांची सवय होती. कागदावर वेळेचा रकाना नव्हता, तो त्यांनी स्वतः आखला.

असं सगळं जमलं होतं, आणि पान उघडायला एक मिनिट दहा सेकंद.

दोष कुठे आहे ते वेनेताबाईंना दिसत होतं. पानाचा एक साचा होता, त्यात नावाची आणि पत्त्याची जागा मोकळी. कोणी पान उघडलं की त्याचा ब्राउझर बिचारा तो साचा पहिल्यापासून वाचायचा, समजून घ्यायचा, आपल्या भाषेत उतरवायचा आणि मग मोकळ्या जागा भरायचा. दुसरा माणूस आला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणजे पाहुण्यागणिक गहू दळायला बसायचं.

हे पाहून वेनेताबाईंना संताप आला तो नुसता संताप नव्हता, त्यात जुन्या दिवसांची आठवणही मिसळलेली होती. त्यांनी एकतीस वर्षं शहराच्या गणनकेंद्रात काढली होती. यंत्र एका मोठ्या खोलीएवढं होतं. त्याच्या गरम हवेवर मुली हिवाळ्यात सफरचंदाच्या चकत्या वाळवत आणि मुख्य अभियंता येताना दिसला की त्या पंच केलेल्या कार्डांच्या खोक्यात लपवत. पण प्रोग्रॅम! प्रोग्रॅम एकदाच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवायचा आणि मग महिनाभर चालवायचा. एक कार्ड उलटं लागलं तर ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळायचं, त्यामुळे माणसं आधी विचार करत आणि मग हात लावत. आता पोरं आधी हात लावतात आणि विचार ब्राउझरवर सोडतात.

तर साचाही आधीच उतरवून ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी बांधणीचं एक अवजार मिळतं. अवजार स्वतः काहीच करत नाही. एकेका कामाला त्याला एकेक प्लगइन जोडायचा, आणि साचे उतरवणाराही एक प्लगइन होता. सगळं फुकट होतं, आणि फुकट येणाऱ्या पाहुण्यांसारखंच ते एकटं येत नव्हतं. अवजाराने आपल्यासाठी दुसरं अवजार मागितलं, दुसऱ्याने तिसरं. वेनेताबाई 'हो' म्हणत गेल्या. वाचनघराच्या बारीकशा इंटरनेटमधून दुपारभर एकामागून एक पुडकी उतरत राहिली, चारशे बारा. मधूनच पिवळ्या अक्षरांत सूचना येत होत्या: 'हे पुडकं आता कोणी सांभाळत नाही.' 'हे वापरू नका, याचा कर्ता दुसऱ्या कामाला लागला आहे.' अख्खी वस्तीच परदेशी गेल्यासारखी वाटत होती. एक पुडकं, दिलेला आकडा विषम आहे का, एवढंच सांगण्यासाठी आलं होतं. वेनेताबाईंनी ते उघडून पाहिलं. आत चार ओळी. बाजारात फुलं विकणाऱ्या बायका हे काम पिशवी बांधता बांधता करतात: जिवंत माणसाला विषम फुलं, मेलेल्याला सम.

"काय उतरवतेस एवढं?" ख्रिस्तोफोर डोकावले.

"साचा."

"एका साच्याला एवढं सामान? आमच्याकडे एवढ्यात अख्खा ट्रॅक्टर व्हायचा."

वेनेताबाईंनी पुढच्या पुडक्याला 'हो' म्हटलं, पण तो ट्रॅक्टर त्यांना फार लागला.

शेवटी प्लगइनला काय करायचं ते सांगणारी चिठ्ठी लिहायची होती. ती त्यांनी प्लगइनच्या माहितीपत्रकातून जशीच्या तशी उचलली, अनावश्यक वाटलेल्या दोन ओळी गाळल्या, आणि बारा डिसेंबरच्या गुरुवारी सकाळी कळ दाबली. हिरवी अक्षरं आली. पान उघडलं. अंड्यांचं घड्याळ फिरवायला हात जाईपर्यंत पान समोर हजर:

'आज नामदिवस: स्पिरिदोन. दाचेव, इमारत ७, दुसरा जिना, चौथा मजला.'

बारा डिसेंबर म्हणजे संत स्पिरिदोनचाच दिवस. नाव बरोबर, पत्ता बरोबर, वेग असा की मिग्लेनाच्या तोंडून "अगंबाई" निघालं. वेनेताबाईंनी पान सीडीच्या तबकडीवर उतरवलं, तिच्या पाकिटावर वाचनघराचा शिक्का मारून घेतला आणि ती नगरपालिकेच्या खिडकीवर नेऊन दिली. पान चढवायचं काम तिथला कारकून करत असे, फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते बारा, आणि शिक्का अस्पष्ट असेल तर तेव्हाही नाही.

त्या संध्याकाळी स्पिरिदोनदादांकडे चौदा माणसं गेली. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली तेव्हापासून त्या दाराची घंटा वीजमीटर वाचणाऱ्याखेरीज कोणी वाजवली नव्हती. वेळापत्रकात नसलेली गाडी फलाटाला लागावी तसे दादा दारात उभे राहून त्या चौदा जणांकडे बघत राहिले. मग आत गेले, कोट चढवून आले आणि म्हणाले, "या." नाताळआधीच्या उपासाचे दिवस होते, त्यामुळे कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात, घेवडा, पिंपातल्या लोणच्याच्या मिरच्या, आणि जर्दाळूची कडक दारू, राकिया. वेनेताबाईही गेल्या होत्या. घरी परतताना धुक्यात त्यांना शिंका आल्या, पण इतक्या वर्षांत आपण इतकं चांगलं काम केलेलं नाही असं वाटत होतं.

शुक्रवारी सर्दी झाली. त्यांनी अंथरुणातून नातीच्या जुन्या फोनवर पान उघडलं. 'आज नामदिवस: स्पिरिदोन.' वेनेताबाईंनी नाक शिंकरलं आणि मनाशी म्हणाल्या, फोनने कालचं पान धरून ठेवलंय. या धंद्यातले सगळे शहाणे हेच सांगतात: चूक दिसली तर ती तुमच्या यंत्राच्या आठवणीतली असते, खरी नसते. इतकं सोयीचं तत्त्वज्ञान त्यांच्या काळी नव्हतं. लिंबणीच्या फुलांचा चहा पिऊन त्या चार दिवस झोपून राहिल्या.

मंगळवारी त्या खोलीवर आल्या तर ख्रिस्तोफोर आधीच बसलेले, आणि चेहरा सुजलेला.

"काय रे, तब्येत?"

"स्पिरिदोनचा कोबी बाधला. आंबट होत चाललाय. तू त्याला सांग, पिंपातलं पाणी रोज वरखाली करायला हवं."

"गुरुवारी खाल्लेला कोबी आज बाधला?"

"गुरुवारी कशाला? काल खाल्ला. परवाही खाल्ला."

"परवा कशाला गेला होतास?"

"नामदिवसाला!" ख्रिस्तोफोर चिडले. "माणसाचा नामदिवस असताना शेजारी राहून जायचं नाही?"

"नामदिवस गुरुवारी होता."

"आजही आहे. तूच तर लिहिलंयस."

वेनेताबाईंनी पान उघडलं. स्पिरिदोन. त्यांनी दुसऱ्या संगणकावर उघडलं. स्पिरिदोन. हीटरपाशी बसलेल्या ल्युबाआजींनी डोळे न उघडता सांगितलं, "मी शनिवारी गेले होते. फार छान झालं."

"अहो पण गुरुवार गेला, शुक्रवार गेला, तुम्हा कोणाच्याच मनात आलं नाही की एका माणसाचा नामदिवस सहा दिवस कसा चालेल?"

"आलं होतं मनात," ख्रिस्तोफोर म्हणाले. "जिन्यात चर्चाही झाली. पण संत त्रिफोनचे दोन दिवस असतातच की, एक नव्या पंचांगाचा आणि एक जुन्या. कोणी म्हणालं, स्पिरिदोनचाही जुना असेल. कोणी म्हणालं, मधले दिवस भरून काढलेत. आणि तू काही चुकीचं लिहिणार नाहीस, एकतीस वर्षं गणनकेंद्रात होतीस."

हा घाव वर्मी बसला.

संध्याकाळी सात नंबरच्या इमारतीची लिफ्ट माणसांच्या ओझ्याने बंद पडलेली होती. वेनेताबाई चार मजले चढल्या. तिसऱ्या मजल्यापासून रांग होती. हातांत फुलं, बरण्या, झाकलेल्या बश्या. दारावर स्पिरिदोनदादांच्या सुवाच्य अक्षरांत कागद लावला होता: आगमन ५.३०, प्रस्थान ६.१०. आगमन ६.१५, प्रस्थान ६.५५. शेवटची तुकडी सातला. खाली सूचना: 'निघताना आपली बशी तपासून घ्यावी.'

आत दादा कोट घालून ओतत होते. न्हाणीघरातला टब कार्नेशनच्या फुलांनी भरला होता. ख्रिस्तोफोर सुजलेल्या चेहऱ्याने पुन्हा आलेच होते आणि त्यांच्या हातात सहा फुलं होती.

"सहा?" दादांनी मोजून विचारलं.

"सात होती, एक जिन्यात मोडलं."

"मग अजून एक मोड, बाबा. आहे मी अजून."

वेनेताबाईंनी दादांना स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, चूक माझी आहे. तुमचा नामदिवस गुरुवारीच संपला."

"माझा नामदिवस कधी असतो ते मला माहीत आहे, वेनेता."

"मग लोकांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? दारात फुलं घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला म्हणू, परत जा?" दादा खुर्चीवर टेकले. "राकिया शनिवारीच संपली. आता लोक आपापली आणतात, आणि एकेकाची अशी असते की घेववत नाही. पायांत गोळे आलेत. बाईसाहेब, काय बिघडलंय ते एकदाचं दुरुस्त करा."

खोलीवर परत येऊन त्यांनी प्लगइनची चिठ्ठी उघडली, तेव्हा बिघाड सापडायला तीन मिनिटं लागली. प्लगइन दोन कामं करू शकत असे. एक, साचा तयार करून ठेवायचा आणि रोजचं नाव ब्राउझरला भरू द्यायचं. दुसरं, साच्यात आजचंच नाव भरून, पान छापून, साचा फेकून द्यायचा. कोणतं हवं ते एका ओळीत सांगायचं असतं, आणि नाही सांगितलं तर प्लगइन दुसरं करतो. ती ओळ त्यांनी अनावश्यक म्हणून गाळलेल्या दोन ओळींपैकी पहिली होती. प्लगइनने बारा डिसेंबरला विचारलं, आज कोण? उत्तर मिळालं, स्पिरिदोन. त्याने ते कोरून ठेवलं आणि तो मोकळा झाला. आणि त्यांनी पान तपासलं तेही बारा डिसेंबरलाच, म्हणजे वर्षातल्या ज्या एका दिवशी ही चूक दिसूच शकत नव्हती त्याच दिवशी! गणनकेंद्रात एखाद्या मुलीने असं केलं असतं तर वेनेताबाईंनी तिला सफरचंदाच्या चकत्यांना हात लावू दिला नसता.

ओळ घातली, नवी तबकडी केली, बुधवारी नगरपालिकेची खिडकी गाठली.

"आज बुधवार," कारकून म्हणाला.

"उद्या सकाळी दहाला तपासणी आहे. त्याआधी चढवा हो."

"उद्याही नाही. तुमचा प्रस्ताव दाखल झालाय. दाखल झालेल्या प्रस्तावात बदल म्हणजे दुरुस्ती अर्ज. दुरुस्ती अर्ज आला की तपासणी रद्द. नवी तपासणी मार्चमध्ये."

"आणि मार्चपर्यंत खोली?"

"खोलीचं आमच्याकडे काही नसतं," कारकून म्हणाला आणि त्याने खिडकी लावून घेतली. ती लावायची वेळ झाली नव्हती, पण उघडी ठेवायचीही वेळ नव्हती.

मिग्लेनाने सगळं ऐकून घेतलं आणि दार आतून लावलं. नखांचा वर्ग तिला हवा होता, पण नगरपालिकेच्या पाटीचा मोह त्याहून मोठा होता.

"मावशी, उद्या तोंड उघडू नका. त्या येतील, पान बघतील, सही करतील. त्यांना काय कळणार आहे? सही झाली की मग करा तुमची ओळ सरळ."

"चुकीचं पान दाखवून सही घ्यायची?"

"तुम्हाला खोली हवी की नको?"

वेनेताबाईंना खोली हवी होती. त्या रात्रभर ल्युबाआजींच्या वालेन्सियातल्या नातीचा विचार करत होत्या. आजी दर मंगळवारी तिला तोच एक शब्द शिकवतात आणि ती दर मंगळवारी तो चुकवते, मग दोघी हसतात. खोली गेली तर तो शब्द शिकायचा राहूनच जाणार. पण सबंध आयुष्यात त्यांनी यंत्रावर माहीत असलेली चूक ठेवून दिवा मालवला नव्हता, आणि अडुसष्टाव्या वर्षी ते सुरू करायचं म्हणजे आधीची एकतीस वर्षं कोणाची होती, असा प्रश्न पडत होता.

गुरुवारी दहाला नगरपालिकेच्या कुत्सारोवाबाई आल्या. उंच बूट, जाडजूड फाइल, चेहरा असा की शिक्क्याने उमटवल्यासारखा. त्यांनी पान उघडलं. क्षणात आलं. फाइलमध्ये खूण केली. "वेग: आहे. भेटी किती?"

मिग्लेनाने छापलेला कागद पुढे केला. "एक हजार तीनशे सहा, बाई. आठवड्यात."

कुत्सारोवाबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "योजनेत एकूण नऊ पानं आहेत. दुसरा क्रमांक भटक्या कुत्र्यांच्या नोंदणीचा. त्याला अकरा भेटी. त्यातल्या नऊ माझ्या."

"बाई," वेनेताबाई म्हणाल्या, "एक सांगायचंय."

टेबलाखाली मिग्लेनाचा बूट त्यांच्या पायावर पडला. तो तसाच ठेवून वेनेताबाईंनी सगळं सांगितलं. साचा, प्लगइन, गाळलेली ओळ, स्पिरिदोनदादांचे पाय. "म्हणजे हे पान चुकीचं आहे. आज स्पिरिदोन नाही."

"मग आज कोण?"

"बोनिफाती."

"वस्तीत बोनिफाती किती?"

"एकही नाही."

"म्हणजे दुरुस्त केलं तर आज पान रिकामं दिसेल."

"आज दिसेल. उद्या इग्नात आहेत, प्लामेन आहेत, पुष्कळ..."

"तपासणी आज आहे." कुत्सारोवाबाईंनी पेन खाली ठेवलं. "रिकामं पान रहिवाशांना उपयोगी आहे असं मी कुठल्या तोंडाने लिहू? या पानावर माणूस आहे, पत्ता आहे, आणि पत्त्यावर गेलं की माणूस खरंच भेटतो. नगरपालिकेच्या किती कागदांबद्दल असं म्हणता येईल?" मग आवाज जरा उतरवून त्या म्हणाल्या, "मी मंगळवारी गेले होते. सव्वासहाच्या तुकडीत. पाच फुलं नेली."

आणि त्यांनी सही केली. शिक्का मारला, त्यावर दुसरा मारला, आणि मिग्लेनाचा बूट पायावरून निघाला. खोली राहिली. वेनेताबाई पाय चोळतायत न चोळतायत तोच कुत्सारोवाबाई फाइल बांधता बांधता म्हणाल्या, "आता पाच वर्षं यात काही बदलायचं नाही."

"म्हणजे?"

"मान्य झालेलं काम मुदत संपेपर्यंत जसंच्या तसं राहिलं पाहिजे. कलम एकोणीस. दर वर्षी पडताळा होतो. फरक दिसला तर मान्यता रद्द, आणि मान्यतेबरोबर केंद्रही."

"अहो, एकच ओळ आहे."

"स्वल्पविरामही नाही."

दुपारी दाराबाहेर पाटी लागली: 'डिजिटल केंद्र'. ख्रिस्तोफोरांनी ती वाकडी लागल्याचं तीनदा सांगितलं. मिग्लेनाने नखांच्या बावीस मुलींना भाषण-मंडळाच्या खोलीत बसवलं. भाषण-मंडळ तसंही फक्त भाषणाच्या दिवशी भरायचं. सगळे वेनेताबाईंचं अभिनंदन करत होते, आणि त्या अभिनंदनांपैकी एकही त्यांना गोड लागत नव्हतं. त्यांची एकुलती एक चूक सरकारी शिक्क्यासह, क्षणात उघडणाऱ्या वेगाने, पाच वर्षं साऱ्या शहराला दिसणार होती. पण तेही चाललं असतं. जिना चढून वर जाऊन सांगायचं बाकी होतं, ते त्यांच्याने होत नव्हतं.

पाचला, पहिली तुकडी यायच्या आधी, त्या गेल्या. लिफ्ट अजून बंदच होती. स्पिरिदोनदादा टेबलावर बश्या मांडत होते. नेमक्या बारा, सगळ्यांच्या कडा एका रेषेत.

"झालं दुरुस्त?" दादांनी विचारलं.

"दादा, बसा आधी."

दादा बसले. वेनेताबाईंनी कलम एकोणीस सांगितलं. कुत्सारोवाबाई, पडताळा, स्वल्पविराम, सगळं सांगितलं. म्हणाल्या, "तुम्ही दार उघडू नका. मी खाली उभी राहते आणि येईल त्याला समजावून परत पाठवते. रोज उभी राहीन. नाहीतर तुमची संमती मागे घ्या. तीन प्रतींत अर्ज द्यायचा, मग पत्ता काढावाच लागेल त्यांना. खोली जाईल, पण चूक माझी होती, तुम्ही का भोगायची?"

दादांनी समोरच्या बश्या बोटाने मोजल्या.

"किती म्हणालीस?"

"पाच वर्षं."

"पक्की पाच?"

"शिक्का आहे. दोन शिक्के आहेत."

दादांनी खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं. "उन्हाळ्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो," ते म्हणाले. "दोन म्हणाला. फार तर अडीच."

खाली जिन्यात लोकांचे आवाज येऊ लागले होते. कोणीतरी बरणी आपटू नको म्हणून कोणाला तरी ओरडत होतं.

दादा उठले. कोटाची बटणं लावली, एक बशी बोटभर डावीकडे सरकवली.

"उद्या सकाळी त्याच्याकडे जातो आणि सांगतो," ते म्हणाले, "तुझा आकडा बदल. माझा बदलता येत नाही, नगरपालिकेची मनाई आहे."